पारोचं लँडिंग राहू द्या, टेकऑफचं बोलू

प्रश्न असा आहे: मे महिन्यात आईवडिलांना घेऊन भूतानला जायचंय. पारोचं लँडिंग जगात सगळ्यांत धोकादायक, असं जो तो सांगतो. ड्रुकएअर ही इवलीशी सरकारी कंपनी, तिच्यावर विसंबावं का? तिकीट एवढं महाग का? आणि मुंबईहून थेट विमान का नाही?

आधी माझी बाजू सांगतो. मी वैमानिक नाही. माझी नोकरी भारतीय विमान कंपन्यांमध्ये फ्लाइट डिस्पॅच आणि परफॉर्मन्स विभागात गेली. अमुक धावपट्टीवरून, अमुक तापमानाला, अमुक विमान किती वजन घेऊन उडू शकेल, हे आम्ही काढतो आणि त्यावरून किती माणसं आणि किती बॅगा चढणार ते ठरतं. लेहच्या उड्डाणांची गणितं पुष्कळ केली आहेत. त्यामुळे डोंगरातल्या विमानतळांकडे मी कॉकपिटच्या काचेतून बघत नाही, वजनाच्या तक्त्यातून बघतो. आणि तिथून बघितलं की तुमच्या सगळ्या प्रश्नांची मुळं एकाच जागी सापडतात.

व्हिडिओ सगळे लँडिंगचे असतात. डोंगराच्या कुशीतून विमान वळतं, पंखाखाली घरांची छपरं दिसतात, शेवटच्या क्षणी धावपट्टी समोर येते. बघणाऱ्याचा श्वास अडकतो हे खरं. पण लँडिंगला विमान हलकं असतं, इंधन जळून गेलेलं असतं आणि पटलं नाही तर ठरलेल्या बिंदूच्या आधी वळून परत जायची सोय असते. टेकऑफला विमान जड असतं, इंजिनं पूर्ण ताकदीला असतात आणि नेमक्या त्या क्षणी एक इंजिन बंद पडलं तर काय, या प्रश्नाचं उत्तर विमान जागचं हलण्याआधीच कागदावर तयार लागतं. पर्वतातली विमान कंपनी कोणतं विमान घेते, कुठे थांबते, किती वाजता उडते, तिकीट कितीला विकते, हे सगळं त्या उत्तरावरून ठरतं. ड्रुकएअरचा इतिहास म्हणजे या एका गणिताशी चार दशकं चाललेली झटापट.

1958 मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि पायी पारोला पोहोचले होते. मोटारीचा रस्ताच नव्हता. तो भारताच्या सीमेवरच्या फुंत्शोलिंगहून वर गेला साठच्या दशकात, आपल्या बॉर्डर रोड्सच्या मेहनतीतून. त्याच संघटनेने 1968 मध्ये पारोच्या खोऱ्यात धावपट्टी बांधली. सुरुवातीला तिचा उपयोग मुख्यतः भारतीय सैन्याच्या हेलिकॉप्टरांना होता. 5 एप्रिल 1981 रोजी राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या आज्ञेने ड्रुकएअर स्थापन झाली आणि 11 फेब्रुवारी 1983 रोजी तिचं पहिलं नियमित विमान पारोहून कलकत्त्याला गेलं.

ते विमान होतं डॉर्निअर 228. आपल्याकडे वायुदूत या तेव्हाच्या सरकारी कंपनीने जे वापरलं, तेच. दोन टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारी इंजिनं, अठरा-एकोणीस माणसं, छोटी धावपट्टी पुरते. पारोसाठी निवड योग्यच होती, पण हे विमान कलकत्ता, ढाका यांच्यापलीकडे फारसं जाऊ शकत नव्हतं. परदेशी पर्यटक आणायचे तर बँकॉक, दिल्ली गाठायला हवी. मग जेट आलं.

इथे जरा थांबतो, कारण जेटची निवड हा या कंपनीच्या इतिहासातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग आहे.

पारोची उंची साधारण 2,235 मीटर, म्हणजे 7,300 फुटांहून थोडी जास्त. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 80 टक्के. पंखाला तीच उचल मिळवायला विमानाला जमिनीवर 11-12 टक्के जास्त वेगाने पळावं लागतं. वेगाच्या वर्गाने ऊर्जा वाढते, म्हणजे उड्डाण रद्द करून ब्रेक मारायचे झाले तर ब्रेकना जवळपास सव्वापट ऊर्जा गिळावी लागते. टायरलाही वेगाची मर्यादा असते, या वर्गातल्या विमानांना बहुधा 195 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 360 किलोमीटर. आणि इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते, त्यामुळे जोर कमी. हे झालं थंड दिवसाचं. पारा 20 अंशांवर गेला की पारोची हवा साडेनऊ हजार फुटांवरच्या हवेसारखी वागते. विमानाला नकाशावरची उंची कळत नाही, त्याला फक्त घनता कळते. धावपट्टी आज 2,265 मीटर आहे, पुण्याच्या लोहगावपेक्षा अडीचशे-पावणेतीनशे मीटरने आखूड. त्या काळी ती याहूनही बरीच कमी होती.

आता इंजिन बंद पडण्याचा हिशेब. दोन इंजिनांच्या विमानाचं एक गेलं की निम्मा जोर जातो. पण चढायची क्षमता निम्मी होत नाही, ती त्याहून खूप जास्त घटते, कारण उरलेल्या जोरातला मोठा वाटा हवेचा रोध भागवण्यातच खर्च होतो. चढायला उरतो तो वरचा शिल्लक चतकोर. चार इंजिनांपैकी एक गेलं तर जोर पावच कमी होतो. नियम असा की चाकं आत घेतल्यानंतर एका इंजिनाविना दोन इंजिनी विमान किमान 2.4 टक्के चढलं पाहिजे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं तर 2.4 मीटर वर. चार इंजिनी विमानाला 3 टक्के. आणि ही झाली सपाट मुलखातली किमान अट. वाटेत डोंगर असेल तर त्या आकड्यातून सुरक्षिततेसाठी आणखी वजाबाकी करायची आणि तरीही प्रत्येक अडथळ्यावरून किमान 35 फूट राखून जाता आलं पाहिजे. जात नसेल तर वजन कमी करा. वजन कमी करा म्हणजे माणसं, सामान किंवा इंधन खाली उतरवा. तिसरा मार्ग नाही.

म्हणून 1988 मध्ये ड्रुकएअरने घेतलं बीएई 146. छोटं जेट, पण इंजिनं चार. बऱ्याच कंपन्या त्याला नावं ठेवायच्या, एवढ्याशा विमानाला चार इंजिनांची देखभाल कशाला म्हणून. पारोसाठी मात्र तेच बरोबर होतं. शिवाय शेपटीला पाकळ्यांसारखे उघडणारे एअरब्रेक, त्यामुळे तीव्र उतारावरून खाली येतानाही वेग हाताबाहेर जात नाही. अशी दोन विमानं त्यांनी चालवली. धावपट्टी लांब आणि मजबूत झाली. राजधानीचं शहर थिम्फू तासा-दीड तासाच्या रस्त्यावर असल्याने पारो हाच देशाचा दरवाजा बनला.

पण त्या विमानाचा पल्ला कमी, आणि वर्षं सरली तसं ते जुनं झालं. त्याचीच सुधारित आवृत्ती आरजेएक्स येणार होती आणि ड्रुकएअर तिच्या पहिल्या ग्राहकांपैकी होती. नोव्हेंबर 2001 मध्ये विमान बनवणाऱ्या बीएईने तो प्रकल्पच गुंडाळला. जिचा अख्खा ताफा दोन विमानांचा, तिला हे केवढ्याला पडलं असेल कल्पना करा. चार इंजिनांचं नवं छोटं जेट आता जगात कोणी बनवणारच नव्हतं. दोन इंजिनांवर यावंच लागणार होतं, म्हणजे निम्मा जोर जाण्याचं गणित सोडवावं लागणार होतं.

त्यांनी निवडलं एअरबस ए319, पण त्यातला खास प्रकार, ए319-115. याच्या प्रत्येक इंजिनाचा जोर 27,000 पौंड. साध्या ए319 ला 22,000 ते 23,500 पौंडांची इंजिनं पुरतात. 27,000 पौंड हा जोर सहसा मोठ्या भावाला, ए320 ला देतात. म्हणजे धड लहान आणि ताकद मोठ्याची. एक इंजिन गेलं तरी उरलेलं एक त्या हलक्या धडाला खोऱ्यातून वर काढू शकेल, हा विचार. आधी पारोला चाचणी उड्डाणं झाली आणि 2004 च्या शेवटी दोन विमानं दाखल झाली. माझ्या मते या कंपनीने घेतलेला हा सगळ्यांत शहाणा निर्णय.

नुसती ताकद पुरत नाही, वळायलाही जागा लागते. कागदपेन्सिल घेऊन बघा. समजा एका इंजिनावर विमान हवेत 170 नॉटने चाललंय. सपाट मुलखात अशा वेळी साधारण 15 अंश कलून वळतात. त्या हिशेबाने वळणाची त्रिज्या येते 2.9 किलोमीटर, म्हणजे पुरतं मागे फिरायला पावणेसहा किलोमीटर रुंद जागा. पारोच्या खोऱ्यात ती नाही. 25 अंश कललं तर त्रिज्या 1.7 किलोमीटरपर्यंत येते, पण जितकं कलंडाल तितकी चढण घटते. म्हणजे वळण हवं तर वजन सोडा, वजन हवं तर वळण सोडा. यावर उपाय म्हणून अशा विमानतळांसाठी इंजिन बंद पडल्यावरचा मार्ग वेगळा आखलेला असतो: कुठपर्यंत सरळ, कुठल्या दरीत शिरायचं, कुठे किती कलायचं. हे सिम्युलेटरमध्ये घोटून घेतल्याशिवाय कॅप्टनला तिथे पाठवत नाहीत. ‘जगात फक्त आठच वैमानिकांना पारोला उतरायची परवानगी’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते कधीच जुनं झालंय, आज संख्या बरीच मोठी आहे. खरी गोष्ट एवढीच की खास प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राशिवाय तिथे कोणी उतरत नाही.

आता तुमच्या धास्तीबद्दल. ड्रुकएअरच्या नावावर आजवर एकही प्राणघातक अपघात नाही. डोंगर आहे म्हणजे अपघात ठरलेलाच, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शेजारच्या नेपाळचं चित्र उलट आहे. 29 मे 2022 ला पोखराहून जोमसोमला निघालेलं तारा एअरचं ट्विन ऑटर डोंगरावर आदळलं आणि 22 जण गेले. त्यात ठाण्याचं एक कुटुंब होतं, तुम्हालाही आठवत असेल. 15 जानेवारी 2023 ला पोखराच्याच नव्या विमानतळाजवळ यती एअरलाइन्सचं एटीआर कोसळून 72 जणांचा जीव गेला. हा दुसरा अपघात डोंगराच्या खात्यावर टाकता येत नाही. फ्लॅपचा, म्हणजे पंखाच्या मागच्या झडपांचा, दांडा ओढायच्या जागी प्रॉपेलरचे दांडे ओढले गेले, पाती वाऱ्याला समांतर झाली, जोर नाहीसा झाला. पोखराची उंचीही जेमतेम 800 मीटर. नेपाळच्या सगळ्याच कंपन्यांवर युरोपियन युनियनची बंदी आहे, डिसेंबर 2013 पासून.

मग फरक कुठे? लोक म्हणतात भूतानी माणूस शांत, घाई नाही त्याला. मला ते पटत नाही, स्वभावावर विमानं चालत नाहीत. नेपाळमध्ये डझनावारी छोट्या धावपट्ट्या, प्रत्येकीचं हवामान वेगळं, अनेक खासगी कंपन्या, आणि एकाने फेरी रद्द केली तर दुसरा प्रवासी घेऊन जाईल हा दबाव. रस्ता नसलेल्या गावांना तांदूळ आणि औषधंही विमानानेच जातात, त्यामुळे ‘आज नको’ म्हणणं तिथे खरोखर अवघड आहे. भूतानमध्ये वर्षानुवर्षं एकच कंपनी होती, 2011 पासून भूतान एअरलाइन्स ही दुसरी आली. मोठ्या विमानांचा विमानतळ एकच. तेच वैमानिक त्याच खोऱ्यात रोज ये-जा करतात. आणि फेरी रद्द केली तर गिऱ्हाईक पळवायला बराच काळ बाजूला कोणी उभं नव्हतं. मक्तेदारीचे तोटे आपण सगळे जाणतो. सुरक्षेच्या बाबतीत तिने इथे फायदा करून दिला, हे मान्य करायला हवं.

याचाच दुसरा भाग म्हणजे तिकीट. पारोला उड्डाणं फक्त दिवसाउजेडी, आणि खोरं डोळ्यांनी दिसत असेल तरच. आपल्याकडची स्वस्त तिकिटांची कंपनी एक विमान दिवसाला बारा-तेरा तास हवेत ठेवते, पहाटे चारलाही आणि रात्री एकलाही. पारोच्या विमानाला अंधाराआधी घरी यायचं असतं किंवा बाहेरच मुक्काम करायचा असतो. विमानाचा हप्ता मात्र चोवीस तासांचाच असतो. त्यात वजनाची मर्यादा, म्हणजे भरलेलं विमानही पूर्ण भरलेलं नसतं. सपाटीवरच्या विमानतळांवर आम्ही इंजिनाची पूर्ण ताकद सहसा वापरत नाही, झीज वाचावी म्हणून जोर मुद्दाम कमी ठेवतो. तशी चैन पारोला परवडत नाही. इंधन भारतातून टँकरने घाट चढून येतं. आणि हा सगळा खर्च वाटून घ्यायला देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. मला विचाराल तर तिकीट महाग आहे, पण लूट नाही.

आणि मुंबई-पारो थेट? अंतर सुमारे 1,900 किलोमीटर, ए319 च्या पल्ल्यात आरामात बसतं. पारोला जाताना अडचण नाहीच, मुंबई समुद्रकाठी आहे. अडचण परतीची. एवढ्या लांबचं इंधन भरून पारोहून उडायचं तर त्या इंधनाच्या वजनाइतकी माणसं कमी घ्यावी लागण्याची वेळ येते, विशेषतः उन्हं वर आल्यावर. यावर ड्रुकएअरचा तोडगा सुंदर आहे. पारोहून हलकं उडायचं, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर बागडोगऱ्याला, म्हणजे सिलिगुडीच्या विमानतळावर, उतरायचं, जिथली उंची सव्वाशे मीटर आणि धावपट्टी ऐसपैस. तिथे टाकी भरायची, आणखी प्रवासी घ्यायचे आणि बँकॉकला जायचं. गुवाहाटी आणि कोलकात्याचा उपयोगही असाच. म्हणून सिलिगुडीचा माणूस भूतानी विमानाने थायलंडला जाऊ शकतो. वजनाच्या अडचणीतून धंदा काढला त्यांनी. मुंबईसाठी हेच करता येईल, पण बागडोगरा-मुंबई ही भारतातल्या भारतातली फेरी. त्या टप्प्यापुरतं तिकीट विकायची मुभा परदेशी कंपनीला नसते. मग मधल्या थांब्याचा फायदा काय उरला?

मे महिन्याबद्दल. दिवस तापतो, दुपारनंतर खोऱ्यात वारं सुटतं, त्यामुळे शक्य तितकी सकाळची फेरी घ्या. जूनपासून ढगांचा त्रास, तेव्हा मे अखेरपेक्षा मेची सुरुवात बरी. परतीच्या दिवशी पारोहून कोलकाता किंवा दिल्ली आणि तिथून त्याच संध्याकाळी वेगळ्या तिकिटावर मुंबई, असली कसरत करू नका. पारोची फेरी अर्धा दिवस लांबली तर पुढची कंपनी तुमचं ऐकणार नाही. मध्ये एक रात्र ठेवा. भूतानचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास आहे, वेळा बघताना ते धरा. बॅगेच्या वजनावरून काउंटरवर हुज्जत घालू नका. तिथला आग्रह वीस रुपये उकळण्यासाठी नसतो, मागे कोणीतरी माझ्यासारखा बसून किलो मोजत असतो. आणि बॅग मागून दुसऱ्या फेरीने आली तर चिडू नका, औषधं तेवढी हातातल्या पिशवीत ठेवा. दिल्लीहून किंवा काठमांडूहून जात असाल तर आईवडिलांना डावीकडची खिडकी द्या, आकाश मोकळं असेल तर एव्हरेस्टची रांग त्याच बाजूला दिसते. येताना उजवीकडची.

मध्य भूतानमधल्या बुमथांगलाही विमानाने जावं का, असं पुढे विचाराल म्हणून सांगतो. 2011 च्या डिसेंबरात बुमथांग आणि पूर्वेच्या योंगफुल्ला इथे देशांतर्गत सेवा सुरू झाली, एटीआर 42 ने. दोन्ही धावपट्ट्या 8 हजार फुटांच्या वर. रस्त्याचा अख्खा दिवस वाचतो, पण फेऱ्या मोजक्या आणि ढग आले की रद्द. वडीलधाऱ्यांना घेऊन जाताना गाडीचा पर्याय हाताशी असेल तरच तिकीट काढा.

तिसरा देशांतर्गत विमानतळ गेलेफू, आसामच्या सीमेला लागून, सपाटीवर, उंची तीनशे मीटरच्या आसपास. तिथे राजे जिग्मे खेसर यांनी डिसेंबर 2023 मध्ये नव्या शहराची घोषणा केली आणि सोबत मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळही येणार आहे. 2024 मध्ये ड्रुकएअरने एअरबसशी तीन ए320निओ आणि दोन ए321एक्सएलआर घेण्याचा सामंजस्य करार जाहीर केला. एक्सएलआर हे लांब पल्ल्याचं, इंधनाने जड होणारं विमान. ते भरून पारोहून उडवण्यात अर्थ नाही. ते गेलेफूसाठी आहे, हे वजनाचा तक्ता न उघडताही कळतं. तुमच्या मुंबईच्या थेट विमानाची वाट बघायची असेल तर त्या विमानतळाच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. यंदाच्या मेसाठी मात्र बागडोगरा, कोलकाता किंवा दिल्लीमार्गेच जा.